हरदीचा वास

मित्रकीटक हा शब्द अनसूया मानकर यांना कधीच आवडला नाही. शब्द चांगला, सरकारी पुस्तिकांतून फिरून फिरून गुळगुळीत झालेला. पण तो कानावर पडला की त्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राही : कोणाचा मित्र?

त्या दिवशी हा शब्द डॉ. मधुकर खानझोडे यांच्या तोंडून आला, आणि तोही अनसूयाबाईंच्याच ओसरीत, त्यांच्याच खाटेवर बसून. माणूस ऐंशीला टेकला होता, पण पाठ अजून ताठ. बाहेर भाद्रपदाचं ऊन नुसतं भाजत होतं आणि यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. आवाज न करता चालणाऱ्या गाडीने त्यांना गारव्याच्या डबीत घालून आणलं होतं.

"अनसूया, या मित्रकीटकाची आई तू. वास शिकवलेली माशी म्हटलं की जगात तुझं नाव निघतं. निवृत्त झालं म्हणून कोणी लेकरं टाकून देतं का?"

"लेकरं मोठी झाली सर. आपापली चरायला गेली."

"तेच तर. माझ्याकडे ती नीट चरत नाहीत." खानझोडे हसले. "म्हणून तुझ्या दारात आलो."

त्यांच्या 'हरितकवच' कंपनीने वैनगंगेच्या काठाने मैलोन्‌मैल साग लावला होता. तो साग लाकडासाठी नव्हता. दूर देशीच्या कारखान्यांनी केलेल्या धुराचं पाप फेडायला ही झाडं उभी होती. जितकी हिरवी पानं तितका धूर शोषला, असा हिशेब; आणि पानं मोजायला आकाशात उपग्रह. मार्गशीर्ष लागला की मोजणी. पण थंडीनेच पाठ फिरवल्यापासून सागाची पानं खाणारी अळी मरेनाशी झाली होती. पूर्वी ती पावसाळ्याच्या तोंडाशी यायची आणि झाडं महिन्याभरात पुन्हा पालवायची. आता ती दिवाळीलाही येई. तिच्यावर विष फवारावं तर त्या कारखान्यांशी केलेला करार मोडतो. उरली एक माशी, त्या अळीला मारणारी.

"मी एका अटीवर येईन," अनसूयाबाई म्हणाल्या. "माशी सोडताना ऐनाच्या झाडांचा पट्टा टाळायचा. दोन कोस लांब राहायचं. माझा भाचा तिथं कोसा पाळतो."

"कोसा?" खानझोड्यांच्या भुवया वर गेल्या. "ते रानरेशीम अजून आहे?"

"थोडा आहे."

"अगं, चार झाडांवरच्या अळ्यांसाठी मी माझी आखणी बदलू? आणि आता काय आपली जुनी आंधळी माशी आहे? तूच तिला वास शिकवणार. सागाशिवाय तिला काही कळणार नाही."

"पोटातली अंडी जड झाली की सगळं कळतं सर."

"तुझं हे रडगाणं चाळीस वर्षं जुनं आहे." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "माणसाने विसरायला शिकावं."

अनसूयाबाईंनी बशी उचलली. "येते मी," त्या म्हणाल्या. "कधीपासून यायचं तेवढं सांगा."

अळ्यांना विसरणारा माणूस अनसूयेच्या आईलाही विसरला आहे, हे त्यांना त्या घटकेला पुरतं कळलं होतं.

*

चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत कोसमटोल्यात ढिवरांची पंचवीसेक घरं होती आणि त्यातलं घर न्‌ घर कोसा पाळायचं. ढिवर म्हणजे पाण्याचा माणूस. जाळं, डोंगा, मासळी. पण पावसाळा ओसरू लागला की तो जंगलाचा होई. ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या सोडायच्या, झाडाखाली झोपडी घालायची आणि कोश होईपर्यंत पाखरं हाकत राहायचं. त्या दिवसांचे नियम कडक होते. मासळी बंद, तेल बंद, दाढी बंद. आणि हळद बंद. हळदीला तिकडे हरद म्हणतात. रानातल्या गड्याच्या जेवणात हरद नाही, आणि गावात राहिलेल्या त्याच्या बायकोच्या कपाळी, हाती, स्वयंपाकातही नाही. वास लागला तर अळी रुसते, असं म्हणत. ढिवराच्या घरचं कालवण पांढरं दिसलं की समजावं, यांचा कोसा झाडावर आहे.

लहानग्या अनसूयेला ते पांढरं वरण आवडायचं. ते खाल्लं की पुढे घरात रेशीम येणार, एवढं तिला ठाऊक होतं. सूत काढून लगडीला गेलेल्या कोशांच्या उरलेल्या चिंध्यांतून आई तिला बाहुलीचे झगे शिवून द्यायची. सोन्यात दूध मिसळल्यासारखा त्यांचा रंग. तो रंग त्यांना नंतर कित्येक वर्षं जगात कुठे दिसला नाही.

अनसूया शिकली, किडे शास्त्राने ओळखू लागली आणि वनसंशोधनाच्या नोकरीत खानझोडे साहेबांच्या हाताखाली लागली. त्याच वर्षी साहेबांनी सागाच्या अळीवर बाहेरून आणलेली माशी नदीकाठच्या जंगलात सोडली. मुंगीएवढी माशी. माणसाला ती चावत नाही, तिची नांगी आपल्या कातडीत शिरत नाही. मादी अळीच्या अंगात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खातात आणि बाहेर पडून तिच्याच पाठीवर आपले कोश विणतात. पांढरे, तांदळाच्या कण्यांसारखे. पहिल्या वर्षी साग वाचला. साहेबांना हार पडले. दुसऱ्या वर्षी सागावर अळी उरली नाही आणि माश्या तर लाखोंनी. पोटात अंडी घेऊन त्या ऐनावर गेल्या.

आठ दिवसांत कोसमटोल्याचा कोसा संपला. फांदीफांदीला मेलेली अळी आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या कण्या. अळीच्या अंगावर देवी आल्या, असं म्हणत बाया झाडांपुढे लोटांगणं घालू लागल्या. अनसूयेने त्या अळ्या नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी भिंगातून पाहिलं. त्यांना कळलं, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

आणि मग साहेब गावात आले. खाटेवर बसले, चहा प्यायले, विड्या वाटल्या. ते मूळचे त्याच मुलखाचे. बोली त्यांना उत्तम येई. गुडघ्यावर हात ठेवून, आवाज उतरवून ते म्हणाले, "कोनीतरी हरद लावली असन."

एवढंच म्हणाले. अनसूया मागून ओरडून सांगत होती की ही माशी आहे, आपणच सोडलेली. तिच्याकडे कोणी मान वळवली नाही. तोवर सगळ्या माना तिच्या आईकडे वळल्या होत्या. कारण शेजारच्या पोराच्या पायावर कुऱ्हाड पडली तेव्हा रक्त थांबेना म्हणून तिने, भागरथाने, जखमेत मूठभर हळद दाबली होती, आणि ते अर्ध्या गावाने पाहिलं होतं.

पोराचा पाय वाचला. भागरथा वाचली नाही. म्हणजे पुढं वीस वर्षं जगली. पण विहिरीवर तिच्या बाजूला कोणी घागर लावली नाही, आणि नवऱ्याने पुन्हा तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. अनसूयेची बदली दूर डोंगरात झाली. सुट्टीला आली की ती आईला चित्रं काढून माशी समजावून सांगे. आई सगळं ऐकून घेई. मग म्हणे, "समदं खरं बाई. पर हरद तर म्याच लावली ना?"

मरतानाही ती हेच म्हणाली.

*

हरितकवचची प्रयोगशाळा लागवडीच्या मधोमध होती. तिच्या पोटात एक लांबट खोली. तिला सगळे वासखोली म्हणत.

अनसूयाबाईंचा सारा जन्म ज्या शोधात गेला तो मुळात साधा आहे. माशी शहाणी जन्मत नाही, ती शिकते; आणि जे शिकते ते कोशातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत. त्या वेळी तिला शिकारीच्या अळीची विष्ठा चाखू दिली आणि सोबत एखादा वास दरवळत ठेवला, तर अळी आणि तो वास यांची तिच्या इवल्याशा मेंदूत गाठ बसते. मग ती आयुष्यभर त्या वासामागे धावते. तिचं आयुष्य तरी केवढं, पंधरवड्याचं. वासखोलीत तबकं मांडलेली असत, प्रत्येकात हजारो कोश. माश्या बाहेर पडू लागल्या की तबकात अळीची विष्ठा शिंपडायची आणि पंख्यातून कुरतडलेल्या सागपानाचा वास सोडायचा. भिंतीवरचं यंत्र हवेतला सागाचा वास मोजून हिरवा दिवा लावी. यंत्राला जेवढं विचारलं तेवढंच ते सांगे. सागाशिवाय खोलीत आणखी कशाचा वास आहे, हे त्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

ते अनसूयाबाईंनाही एका जेवणाच्या डब्याने शिकवलं. चाचणीच्या एका खेपेला वासखोली सांभाळणाऱ्या शर्वरीने आपला डबा तबकांशेजारी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्या तबकातल्या माश्या पारखायला घेतल्या तर त्या सागाच्या पानाकडे ढुंकून पाहीनात. सगळ्या शर्वरीच्या ओढणीवर जाऊन बसल्या. ओढणीला वरणाचा पिवळा डाग होता.

"मॅडम, यांना माझं वरण आवडलेलं दिसतंय," शर्वरी म्हणाली.

"आवडणारच. चांगलं केलं असशील." अनसूयाबाईंनी ते तबक स्वतःच्या हाताने रिकामं केलं. "डबा बाहेर ठेवत जा."

त्या संध्याकाळी घरी जाताना त्या सागाच्या रांगांतून चालत गेल्या. मनात काही ठरवावं लागलंच नाही. चाळीस वर्षं एखादं कुलूप अडगळीत पडून असावं आणि अचानक त्याची किल्ली पदरात पडावी, तसं झालं होतं.

घरी भाचसून काजल चुलीशी बसली होती. भाचा रोशन रानात, ऐनाखालच्या झोपडीत. कोसमटोल्यात आता कोसा पाळणारा तो एकटाच. कुठल्याशा आडजंगलात उरलेलं बी, म्हणजे अळ्यांची अंडी, अनसूयाबाईंनीच त्याला शोधून आणून दिलं होतं. जुनंच वाण, सोन्यात दूध मिसळलेल्या रंगाचं.

काजलने डाळीत घालायला हळदीचा डबा उघडला.

"नको," अनसूयाबाई म्हणाल्या.

"काय नको?"

"हळद. कोश होईस्तोवर घरात हळद नको. रोशनच्या डब्यात तर अजिबात नको. कपाळाला, हातापायाला, कशालाच नको."

काजल हसली. "आत्याबाई, डोकं दुखते का तुमचं? तुमीच ना त्या, हे सारं थोतांड म्हनणाऱ्या? लगन होऊन आली तवा मले पयल्या दिवशी काय सांगतलं? का बाई, हरदीनं अळी मरत नाही, मानसाच्या जिभेनं बाई मरते."

"सांगितलं होतं."

"मंग?"

खरं सांगितलं असतं तर ते सकाळी नळावर गेलं असतं आणि दुपारी खानझोड्यांच्या कानी. "मग काही नाही," त्या म्हणाल्या. "वास लागतो अळीला."

तोंडातून वाक्य गेलं आणि त्यांनीच ते ऐकलं. हुबेहूब आजीचा आवाज.

"तुळशीचं लगन झालं का आठ दिवसांत माया बहिणीची हरद आहे," काजल म्हणाली. "सपनाची. ते तरी ध्यानात आहे ना?"

"जा ना. पण मग कोश उतरेपर्यंत तिकडेच राहा. हळदीच्या अंगाने इथं येऊ नको."

काजलने डबा बंद केला. आवाज होईल असा बंद केला. "तुमच्या मायले गावानं हेच केलं होतं ना?" ती म्हणाली. "अन् आता तुमी मले."

त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. पांढरं वरण पानात वाढायची आणि वाटी जरा जोरात ठेवायची.

*

कार्तिक लागला. कोवळ्या सागावर अळी दिसू लागली. माश्या सोडण्याचा मोठा दिवस ठरला. परदेशातून करारवाले यायचे होते, कॅमेरे यायचे होते. अनसूयाबाई खानझोड्यांच्या खोलीत गेल्या.

"सर, शेवटचं विचारते. ऐनाचा पट्टा टाळता येईल?"

"नाही."

"बरं." त्या जायला वळल्या आणि सहज आठवल्यासारखं थांबल्या. "सर, वासखोली आपण नवी बांधली, पण पूजा नाही केलीत. एवढा मोठा दिवस. बायका कुजबुजतात."

खानझोडे खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. "अनसूया, तू? सत्यनारायणाचा प्रसाद नको म्हणणारी?"

"वय झालं सर. कोणाच्या तरी पाया पडावंसं वाटतं."

"बघ, मी म्हणायचो ना! उतारवयात सगळे नास्तिक गुडघ्यावर येतात." त्यांना त्या नमलेल्या पाहून झालेलं सुख लपवता येत नव्हतं. "करू. थाटात करू. कॅमेऱ्यांनाही बरं. विज्ञान आणि संस्कृती."

"तबकांना तुमच्याच हाताने हळदकुंकू लावा. कर्त्याच्या हातचं बरं असतं."

"लावतो की."

आणि त्यांनी लावलं. रेशमी कुडता घालून, एका हाती पितळी ताट घेऊन ते वासखोलीतल्या एकेका तबकापाशी गेले. अनामिकेने ओली हळद घेऊन झाकणाच्या जाळीवर ठसठशीत बोट ओढत, त्यावर कुंकू टेकवत. कॅमेरे त्यांच्यामागून चालले होते. आत जाळीखाली माश्या कोश कुरतडून बाहेर येत होत्या. पहिला श्वास, पहिली चव, आणि खोलीभर हळदीचा वास. भिंतीवरच्या यंत्राने सागाचा वास मोजला आणि हिरवा दिवा लावला.

पाहुणे जेवायला गेले तेव्हा शर्वरी कापूस आणि स्पिरिट घेऊन आली. "मॅडम, झाकणं पुसून घेऊ? जाळी मळलीय."

अजूनही वेळ होता. पहिला तास सरायचा होता. अनसूयाबाईंनी रांगेवर नजर टाकली. पिवळी बोटं, एकाखाली एक, सगळी एकाच माणसाची.

"देवाचं आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे."

दुसऱ्या दिवशी ड्रोनने सागाच्या सबंध लागवडीवर माश्या सोडल्या. खानझोडे टाळ्या वाजवत होते. वाऱ्यावर धुरासारखा एक पातळ पदर उडाला, क्षणभर झाडांवर थबकला, आणि मग सागाला वळसा घालून गावांच्या दिशेने निघून गेला. ते फक्त एकाच माणसाने पाहिलं, कारण कुठे पाहायचं ते एकालाच माहीत होतं.

*

आठवडाभर गावोगाव एकच गोष्ट. कालवणात माश्या, मसाल्याच्या डब्यावर माश्या, देवीच्या मुखवट्यावर माश्या. चावत नव्हत्या, नुसत्या बसत, शोधत, आणि अळी सापडत नाही म्हणून तिथेच मरून पडत. अनसूयाबाई घरात पांढरं वरण जेवत होत्या आणि त्यांच्या मनाला एक थंड, गोड शांतता होती.

ती रोशनच्या फोनने मोडली. सपनाच्या हळदीला गेलेल्या काजलने त्याला रडत सांगितलं होतं. मांडवात नवरीला हळद लावली आणि माश्यांचा ढग उतरला. हात, गळा, चेहरा, पोरगी नखशिखांत काळी दिसू लागली. वऱ्हाडातल्या बाया मागे सरल्या. नवऱ्याची मामी म्हणाली, पोरीतच काही असन. आता नवऱ्याकडची माणसं उठून निघाली आहेत.

अनसूयाबाईंनी ताट बाजूला सारलं. पोरीतच काही असन. हे वाक्यही त्याच वेलीचं. आपण पेरलेलं कुठे उगवलं, ते त्यांना स्वच्छ दिसलं.

"गाडी काढ," त्या रोशनला म्हणाल्या. "आणि पाखरं हाकायला आज तुझ्या मित्राला बसव. अंघोळ करून बसव."

त्या पोहोचल्या तेव्हा सपना मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. माश्या अजून अंगावर होत्या, आणि तिच्या अवतीभवती दोन्ही हात पसरावेत एवढी वावभर जागा मोकळी होती. ती मोकळी जागा अनसूयाबाईंच्या ओळखीची होती. विहिरीवर आईच्या घागरीभोवती असायची तेवढीच. त्या सरळ चालत त्या जागेत गेल्या, परातीतली ओली हळद मूठभर घेतली आणि स्वतःच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फासली.

"बघा," त्यांनी हात वर केले.

माश्या सपनाच्या अंगावरून उठल्या आणि त्यांच्या हातांवर आल्या. मग त्या नवऱ्याच्या मामीपुढे गेल्या. "तुम्हीही लावा एक बोट. तुमच्यात काही आहे का ते बघू."

"मायात काहून असन?" मामी मागे सरकली.

"तिच्यात तरी का असावं? बोट पुढं करा." मामीच्या बोटाला हळद लागली तशा दोन-चार माश्या तिथेही जाऊन बसल्या. मागून कोणीतरी फसकन हसलं.

"ही हरितकवचची माशी आहे," अनसूयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तिला हळदीचा वास शिकवलाय. जन्मताना तिच्या पेटीला हळद लावली म्हणून. ती खानझोडे साहेबांनी लावली, आपल्या हाताने. तुमच्या फोनवर असेल, बघा. सगळ्या बातम्यांत दाखवलं होतं."

लोकांनी फोन काढले. रेशमी कुडता, पितळी ताट, पिवळं बोट. चाळीस वर्षांपूर्वी अनसूयेकडे असं काही नव्हतं. नुसता ओरडणारा घसा होता. बघता बघता वावभर जागा भरून गेली. मामीनेच पुढे होऊन पोरीच्या अंगावर पाणी ओतायला घेतलं आणि साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

परसात त्या हात धूत असताना काजल मागे येऊन उभी राहिली.

"तुमाले माईत होतं."

"हो."

"हरद लावायचं त्याले कोनं सुचवलं?"

अनसूयाबाई हात चोळत राहिल्या. पिवळं जात नव्हतं. "मी."

"माया बहिणीच्या हरदीवर." काजल म्हणाली. "तुमचं सूड घेणं अन् माया सपनाचं तोंड."

"तिचा विचार माझ्या मनात आला नाही. यायला हवा होता."

मग काजलने बादलीतून तांब्या भरून त्यांच्या हातांवर धार धरली. "एक डाव मले सांगतलं असतं ना आत्याबाई," ती म्हणाली, "तर त्या पेट्यायले मीच हरद फासली असती. अन् सपनाचं लगन माघात धरलं असतं."

*

मार्गशीर्षाचा पहिला आठवडा सरला तेव्हा खानझोड्यांनी गाडी पाठवली. उपग्रहाची मोजणी होऊन गेली होती. करारवाले निघून गेले होते.

सागाच्या लागवडीत सावलीच नव्हती. मैलोन्‌मैल नुसत्या काड्या उभ्या, आणि जी पानं उरली होती त्यांची शिरांची जाळी तेवढी राहिलेली. वरून अळ्यांची विष्ठा अजून बारीक टपटप पडत होती. खानझोडे एका खोडाला हात लावून उभे होते. पाठ वाकली होती. इतकं म्हातारं त्यांना अनसूयाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"तो ऐनाचा पट्टा हिरवा आहे," ते म्हणाले. "मी वरून पाहिला. तिथं एकही माशी गेली नाही. कोसाही झाला म्हणे."

"झाला. काल उतरवला."

"सगळ्या मुलखात तेवढीच जागा माश्यांपासून कशी सुटली?"

"तिथं नेम पाळतात सर."

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी मान हलवली. "तबकं बरोबर होती, विष्ठा बरोबर होती, यंत्राने हिरवा दिवा दिला. लोक काहीबाही बोलतात. मला तुझ्याकडून ऐकायचंय. शास्त्रज्ञ म्हणून सांग. काय चुकलं?"

अनसूयाबाईंनी एक पडलेला ओंडका पाहिला आणि त्या त्यावर बसल्या. एक हात गुडघ्यावर ठेवला. आवाज उतरवला. साऱ्या नोकरीत, परिषदांत, परदेशांत ज्या बोलीला त्यांनी कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ती बोली आपसूक आली.

"कोनीतरी हरद लावली असन."

खानझोड्यांच्या कपाळावर आठी पडली. हे आपण कुठेतरी ऐकलंय, एवढंच त्यांना आठवत असावं. कुठे, कोणाकडून, ते सापडत नव्हतं. अनसूयाबाईंनी मदत केली नाही. भागरथालाही कोणी केली नव्हती.

मग खानझोड्यांनी आपला उजवा हात वर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि अनामिकेच्या नखाखाली पाहिलं.

अनसूयाबाई उठल्या. पदरात बांधून आणलेला एक कोश, सोन्यात दूध मिसळलेल्या रंगाचा, त्यांनी ओंडक्यावर ठेवला आणि त्या घराच्या दिशेने चालू लागल्या. काजल वाट पाहत असणार होती. कोसा उतरला होता. आज वरण पिवळं होतं.